आज अक्का वाजली न्हाय

बेळगाव,
माघातला दुसरा रविवार

प्रिय मधू,

अनेकोत्तम आशीर्वाद. परवा फोनवर तू माझ्याकडे ‘स्पष्ट आणि थोडक्यात’ उत्तर मागितलेस. स्पष्टतेचे काय होते ते शेवटी पाहू. थोडक्यातपणाची आशा मात्र तू याच ओळीवर सोडावीस. ज्या माणसाने दोन ओळींच्या श्लोकावर पाऊण तास बोलून आजवर पगार घेतला, त्याच्याकडून संक्षेपाची अपेक्षा करणे म्हणजे आमच्या कॉलेजच्या संस्कृत विभागात गर्दीची अपेक्षा करण्यासारखे आहे. (यंदा माझ्या वर्गात तीन विद्यार्थी आहेत. त्यांतला एक, तुला सांगितलाच आहे, कॉमर्सचा वर्ग समजून पहिल्या दिवशी आत आला आणि केवळ संकोचापोटी अद्याप बाहेर पडू शकलेला नाही.) शिवाय फोनवर प्रश्न तू विचारतेस, उत्तरही तूच देतेस आणि ‘मग ठरलं तर’ म्हणून फोनही तूच ठेवतेस. या त्रिविध कार्यात धाकट्या बहिणीने थोरल्या भावाला फक्त हुंकाराचा अधिकार ठेवला आहे. म्हणून हे पत्र. ते वाचताना तुला मध्ये बोलता येणार नाही, हा पत्रलेखनाचा प्राचीन आणि दुर्लक्षित लाभ होय.

तर प्रश्न तुझ्याच शब्दांत मांडतो. निपाणीच्या घराला आपण बसवलेली ती सुरक्षेची यंत्रणा रोज सकाळी विनाकारण बोंब मारायची, आणि ज्या एका दिवशी मारायला हवी होती त्या दिवशी मूग गिळून बसली. मग आईने त्या घरात एकटीने राहायचे ते कशाच्या भरवशावर? कंपनीचे पत्रही तुझ्याच बाजूने साक्षीला उभे आहे: खोट्या इशाऱ्यांचा बंदोबस्त झाला नाही तर या महिनाअखेर ते देखरेख बंद करणार. करार तुझ्या नावावर, म्हणून निर्णय तुझा. तो तू घेतलाही आहेस. महिनाअखेर तू सांबऱ्याला विमानातून उतरणार आणि परतताना आईला बडोद्याला घेऊन जाणार. मी केवळ त्यांच्या यादीतला ‘संपर्क क्रमांक दोन’. तरीही क्रमांक दोनचे निवेदन ऐकल्याशिवाय निकाल लावणे न्यायशास्त्रास धरून नाही.

प्रथम यंत्रणेचे स्वरूप, कारण तू ती बडोद्याहून मागवलीस आणि भोगली आम्ही. तिची काया चार अवयवांची आहे. दाराखिडक्यांच्या चौकटींना बसवलेली लोहचुंबके ही तिची त्वचा. दार उघडले की तिला स्पर्श कळतो. बैठकीच्या कोपऱ्यात छताखाली बसलेला, हालचाल टिपणारा तो पांढरा डोळा हे तिचे नेत्र. दारामागची आकड्यांची पेटी हे मन. आणि गच्चीवरचा भोंगा ही वाणी, जी आपल्या घराण्याच्या परंपरेला अनुसरून शरीराच्या मानाने अतिशय मोठी आहे. पण आत्मा म्हणशील तर तो या देहात नाहीच. तो हुबळीला असतो. तिथे एका खोलीत काही मुले-मुली कानाला यंत्रे लावून अहोरात्र बसतात. इथे भोंगा वाजला की तिथे पडद्यावर आपले घर उजळते, तिथून फोन येतो, ठरलेला परवलीचा शब्द विचारला जातो. तो बरोबर सांगितला तर प्रकरण मिटले. चुकला किंवा कुणी फोनच उचलला नाही, तर आधी तू, मग मी, मग शेजारचा भावकू आणि अखेरीस पोलीस अशी साखळी हलते. नुसता भोंगा सगळ्या जगाला सांगतो, म्हणून कुणालाच सांगत नाही. देखरेखीची यंत्रणा एका ठरावीक माणसाला सांगते, आणि त्या माणसाला ऐकण्याचा पगार असतो. दोहोंत मला कळलेला भेद एवढाच.

यंत्रणा बसवायला आशिष नावाचा उमदा तरुण आला होता. त्याने आईला सगळे दोनदा समजावून सांगितले. आईने ते शांतपणे ऐकून घेतले आणि तो शिडीवरून उतरताच पेटीला हळदकुंकू वाहिले. आशिष कासावीस होऊन म्हणाला, “आज्जी, बटणात कुंकू जाईल हो!” आई म्हणाली, “जाऊंदे की. तुझ्या बटणाला बी सवाष्णीगत वाटंल जरा.” संकटकाळी दाबायची तांबडी कळ गळ्यात घालण्यासाठी दोरीत ओवून दिली होती, ती आईने त्याच संध्याकाळी देव्हाऱ्यात अन्नपूर्णेशेजारी नेऊन ठेवली. अडचणीत जिला हाक मारायची ती वस्तू देवापाशीच शोभते, हा तिचा सिद्धांत. तर्कशास्त्रदृष्ट्या मला त्यात दोष दाखवता आला नाही. परवलीचा शब्द निवडण्याचे काम अर्थातच माझ्याकडे होते, आणि मी ‘प्रत्युत्पन्नमति’ असा निवडला. चोरास तो सुचणे अशक्य. दुर्दैवाने आईसही तो उच्चारणे अशक्य ठरले. पहिल्याच फोनवर तिने हुबळीला सांगितले, “ते आमच्या मार्तंडानं कायतरी लांबडं ठेवलंय बघ, ते.” पोलीस येता येता राहिले. त्यानंतर शब्द बदलून, अंगणातल्या झाडाकडे बघत, तिने स्वतःच ‘शेवग्याची शेंग’ असा ठेवला. आणि तो साऱ्या गल्लीला सांगून टाकला. मी हताश होऊन विचारले, अगं, गुप्त शब्द म्हणजे काय? तर म्हणाली, “मी घरात नसले आन् वाजलं, तर त्या पोरीला कुणी सांगायचं?”

आता रोजच्या बोंबेची मीमांसा, जिच्यावर तुझा मुख्य राग आहे. रात्री निजताना आई आकडे दाबते. त्या पाळीत घरातला डोळा मिटलेला असतो, कारण घरात तीच हिंडणार. दारेखिडक्या मात्र जाग्या राहतात. सकाळी पुढचे दार उघडले की आकडे दाबायला थोडा अवधी मिळतो, आणि तेवढ्यात ते दाबले नाहीत तर भोंगा. आशिषने सुचवले, दार उघडण्याआधीच आकडे दाबा म्हणजे प्रश्नच नाही. आईने त्याच्याकडे असे पाहिले की त्याने शिडीचीच घडी केली. उठल्यावर पहिला हात दाराच्या कडीला लागला पाहिजे. लक्ष्मी बाहेर ताटकळत असताना आत उभे राहून आकडे मोजणे तिला मंजूर नव्हते. दार उघडले की सडा आणि सडा पडला की रांगोळी. आशिषने अवधी वाढवला. आईची रांगोळी त्याहून वाढली. शुक्रवारी तर ती तुळशीपर्यंत जाते. मी म्हटले, रांगोळी मधेच ठेवून आत ये, आकडे दाब आणि पुन्हा जा. तेव्हा मला जे ऐकावे लागले ते शब्दशः उद्धृत करतो: “अर्धी रांगोळी टाकून उठायचं? तुझ्या आज्जीनं तुझ्या आप्पांचा जलम व्हायच्या दिवशी बी पुरी केलती, मग आत गेलती बाळंत व्हायला. आन् तू मला मशीनसाठी उठीवतोस?”

परिणामी रोज सकाळी, ठिपके जोडून होत आले की, गच्चीवरून तो आर्तनाद उठायचा. आई शांतपणे शेवटची रेघ ओढायची, पदराला हात पुसायची, आत जाऊन आकडे दाबायची आणि फोन उचलायची. हुबळीहून बहुधा प्रियदर्शनी नावाची मुलगी असायची, कारण पहाटेची पाळी तिची. पहिले काही दिवस ती नियमाप्रमाणे इंग्रजीत सुरू करून हिंदीत घसरायची. मग ती आईशी कानडीत बोलू लागली आणि आई तिच्याशी तिच्या त्या निपाणी छापाच्या भाषेत, जिच्यात क्रियापद कुठल्या राज्याचे हे वाक्य संपेपर्यंत ठरत नाही. “अज्जी, आराम अदीरी?” म्हणजे बरी आहेस ना, हा तिचा प्रश्न. “वाजलं गं वाजलं. मीच हाय. शेवग्याची शेंग,” हे आईचे उत्तर. पुढे पुढे ती मुलगी परवलीचा शब्द झाल्यावर हळूच विचारायची, “इवत्तु याव रंगोली?” आज रांगोळी कुठली? आणि आई तिला कमळ, गोपद्म, सरस्वती असे काय असेल ते फोनवरून समजावून सांगायची. सीमाभागाच्या वादाविषयी मी अनेक परिसंवाद ऐकले आहेत. इतका लवकर आटोपणारा आणि रांगोळीवर संपणारा दुसरा नाही.

गल्लीचे म्हणशील तर पहिल्या दिवशी गल्ली धावून आली. भावकू कमरेला पंचा आणि हातात तंबाखूच्या वखारीतली काठी अशा अवतारात सर्वांत पुढे. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशी नुसत्या शिव्या आल्या. समोरच्या शालूबाईंनी मला फोन करून सुनावले, “मास्तर, तुमच्या आईला काय कमी होतं म्हणून गिरणीचा भोंगा बसवून दिलासा?” पण माणूस कशालाही सरावतो, आणि सरावलेल्या गोष्टीचा उपयोग करू लागतो. काही आठवड्यांतच भोंगा वाजला की शालूबाई दूध चुलीवर ठेवू लागल्या. भावकू दाढीचे पाणी घेऊ लागला. बोरगावच्या पहिल्या बसने कामाला जाणारे चपला शोधू लागले. आई गल्लीची अक्काताई, पण लोक ‘अक्काताईंचा अलार्म’ म्हणेनासे झाले. सरळ म्हणू लागले, अक्का वाजली. ‘अजून अक्का वाजली न्हाय, झोप जरा.’ ‘अक्का वाजून किती येळ झाला, अजून तुझा डबा न्हाय?’ कंपनीच्या दफ्तरी हे सारे ‘खोटे इशारे’ या सदरात जमा होत होते. त्याचीच प्रत तुला आली, आणि तू चिडलीस. मीही तुझ्या जागी चिडलो असतो.

मार्गशीर्षातल्या त्या सकाळचे तुला जे ठाऊक आहे ते हुबळीच्या अहवालातले. गल्लीचा अहवाल तुला कुणी दिला नाही, कारण तू आलीस तशी दवाखान्यातच राहिलीस. तो आता ऐक.

त्या दिवशी शालूबाईंचे दूध चुलीवर चढले नाही. त्या पातेले घेऊन उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. भावकू गालाला साबण लावून दारात आला. शालूबाईंनी त्याला विचारले, “भावकूदादा, आज अक्का वाजली न्हाय?” भावकू म्हणाला, “मी बी त्येच बघालोय. लाईट गेलीय का?” लाईट होती. अंगणात सडा नव्हता. दार बंद. शालूबाईंनी हाका मारल्या, उत्तर नाही. भावकूने खिडकीला कान लावला, तेव्हा आतून काहीतरी टणटणत होते. आई पहाटे पलंगावरून उतरताना पडली होती. खुब्याचे हाड मोडले होते. ओरडायला आवाज निघेना, म्हणून पलंगाखाली गडगडलेले पाण्याचे फुलपात्र फरशीवर आपटत होती. तांबडी कळ देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या संरक्षणार्थ सज्ज होती. भावकूने आणि आणखी दोघांनी मागच्या दाराची कडी उखडली, आणि त्या क्षणी, मधू, तुझी यंत्रणा जागी झाली. तिच्या मते घरात चोर शिरले होते.

भोंगा सुरू, निम्मी गल्ली घरात, आणि त्यातच फोन. शालूबाईंनी तो उचलला. प्रियदर्शनीने विचारले, परवलीचा शब्द? आणि मला भावकूने शपथेवर सांगितले आहे, त्या खोलीतली झाडून सगळी माणसे एका सुरात ओरडली, “शेवग्याची शेंग!” आता यातली गंमत बघ. शब्द बरोबर होता. नियमाप्रमाणे प्रकरण तिथेच मिटायला हवे होते, ‘खोटा इशारा’ अशी नोंद करून. पण ती मुलगी फोन ठेवीना. तिने विचारले, “अज्जी एल्ली?” अज्जी कुठे आहे? रोज फोन अज्जी उचलते. आज ती कुठे? तेव्हा शालूबाईंना रडू फुटले, “अक्का पडल्यात गं बाई!” त्यानंतर रुग्णवाहिका तिने मागवली, तुला तिने कळवले, मला तिने कळवले. आणि या साऱ्या कल्लोळात जमिनीवर पडलेली आपली माता काय म्हणाली असेल? समोरच्या गर्दीकडे बघून ती म्हणाली, “येवढी सगळी आत आलासा, पाय तरी पुसलासा का?”

दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू मला म्हणालीस, दादा, यंत्रणा नापास झाली. मी तेव्हा काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही, पण तू हसली नाहीस हे आठवते. नंतर मी त्या वाक्याचा पुष्कळ विचार केला, कारण विचार करण्याला माझ्या विद्यार्थिसंख्येमुळे भरपूर वाव आहे. कंपनीच्या नोंदीत ती रात्र निर्दोष आहे. दारे बंद, खिडक्या बंद, कुणी आले नाही, कुणी गेले नाही. इतकी शुद्ध नोंद त्या घराची पूर्वी कधीच झाली नव्हती. आपण तिला एकच गोष्ट शिकवली होती: काही घडले तर ओरड. आणि त्या सकाळी नेमके काहीच घडत नव्हते. तेच तर संकट होते. ती नापास झाली नाही, मधू. प्रश्नपत्रिका आपण चुकीची काढली होती.

याहून मौज अशी की हा प्रश्न त्या यंत्रांना ठाऊक आहे. आशिषला मी विचारले, भोंगाच मेला किंवा कुणी तार कापली, तर हुबळीला कळणार कसे? तो म्हणाला, पेटी अधूनमधून आपण होऊन एक निरोप धाडते, ‘मी आहे.’ त्याला काही अर्थ नसतो, कुणी तो वाचतही नाही. पण तो यायचा थांबला की तिथे लगेच दिवा लागतो. यंत्राने स्वतःसाठी ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून करून ठेवली होती. आईसाठी ती आपल्याला सुचली नाही. ती गल्लीने केली, आणि तीही शिव्या देत देत, न ठरवता. रोज सकाळी ज्याला आपण खोटा इशारा म्हणत होतो, तो गल्लीला ‘मी आहे’ असा ऐकू जात होता. म्हणून जेव्हा तो आला नाही तेव्हा एका बाईने दूध चुलीवर ठेवले नाही. यात कुणाचे शौर्य नाही, चातुर्यही नाही. नुसते कुणाच्या तरी सवयीत कुणाचे तरी असणे मिसळून गेले होते.

आता उपाय. आशिष म्हणतो, पेटीला उलटेही शिकवता येते. सकाळी ठरावीक वेळेपर्यंत पुढचे दार उघडले नाही, तर भोंगा न वाजवता ती हुबळीला कळवेल, आणि तिथून फोन येईल. फोन उचलला नाही तर साखळी हलेल. म्हणजे दार उघडणे हा गुन्हा राहणार नाही. न उघडणे ही बातमी होईल. पहाट झाली की दारेखिडक्यांची पाळी आपोआप संपेल, त्यामुळे रांगोळी हवी तेवढी लांबवावी. खोटे इशारे बंद, म्हणून कंपनीही राजी आहे. फक्त करारावर तुझी सही हवी. तांबडी कळ गळ्यात घालण्यास आईने मान्यता दिली आहे, मात्र अन्नपूर्णेसाठी दुसरी आणून द्यावी अशी तिची अट आहे. विरोध आहे तो फक्त गल्लीचा. भावकू मला भेटायला इथवर आला होता, म्हणाला, “मास्तर, भोंगा काढू नगासा. आमी उठायचं कशावर?”

इथे माझे निवेदन संपायला हवे. प्रश्न यंत्रणेचा होता, उत्तर दिले. पण तू हुशार आहेस, आणि एव्हाना तुझ्या मनात आले असेल की एवढ्यासाठी दादाने इतके लांब पत्र लिहिले नसते. सहीचा कागद नुसता पाठवला असता.

दिवाळीच्या सुट्टीत मी तापाने पडलो होतो. तुला सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे काही नव्हते; साधा ताप. चिन्मयी हैदराबादला, तिच्या नोकरीच्या धावपळीत. लेकीलाही कळवले नाही. आमची इमारत तुला माहीत आहेच. फाटकावर पहारेकरी, जिन्यात कॅमेरा, लिफ्टमध्ये कॅमेरा. मी बाहेर पडलो की नोंद, आत आलो की नोंद. आणि मी दोन-तीन दिवस बाहेरही पडलो नाही, आतही आलो नाही. सगळे कसे सुरळीत होते. पडल्या पडल्या मी आढ्याकडे बघत होतो आणि मला आठवत होते की कल्याणी असताना मी सकाळी जरा उशीर केला, तर ती स्वयंपाकघरात भांडी मुद्दाम आपटायची. तुझी वहिनी गेल्यापासून दोन वर्षे या घरात एक भांडे आपटलेले नाही. तू फोन केलास तेव्हा मी तुला कॉमर्सच्या त्या मुलाची गोष्ट सांगितली, आणि तू खूप हसलीस. मला बरे वाटले. तापही त्याच दिवशी उतरला, पण त्याचे श्रेय मी गोळीला दिले.

आई दवाखान्यातून माझ्याकडे आली त्याला आता दोन महिने होत आले. वॉकर घेऊन ती बैठकीपर्यंत येते, चहात साखर कमी म्हणून भांडते, आमच्या संगमरवरी उंबऱ्यावर रांगोळी उमटत नाही म्हणून बिल्डरला शिव्या घालते. आणि रोज सकाळी, मी जागा असो नसो, पलीकडच्या खोलीतून तिची हाक येते: “मार्तंडा, उठलास न्हवं रं?” मी ‘हो’ म्हणतो. बस्स, एवढेच. त्यापुढे ती काही विचारत नाही आणि मी काही सांगत नाही. पहिल्या दिवशी ती हाक ऐकून मी बराच वेळ पांघरुणातच बसून राहिलो होतो. डॉक्टरांनी तिला घरी जायला परवानगी दिली आहे. पुढच्या सोमवारी मी तिला निपाणीला घेऊन जातो आहे, आणि मीही तिथेच राहणार आहे. हा फ्लॅट भाड्याने देतो. कॉलेजला बसने येत जाईन, कितीतरी लोक येतात. फोनवर तू म्हणालीस, दादा, तू एकटा तिचं किती करणार, तुझ्यावर बोजा नको म्हणून मी नेते. बोजा तिचा नाही. हे मला फोनवर सांगता आले नसते, तू ‘म्हणजे?’ म्हणाली असतीस आणि मी विनोद केला असता. महिनाअखेर तू ये, मुलांना घेऊन ये, हवे तितके दिवस राहा. पण जाताना आईला नेऊ नकोस, मधू. मला एकट्याला जमत नाही गं.

तुझाच,
मार्तंडदादा